सौताड्याचा खडक वर का सरकतो?

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात सौताडा येथे विंचरणा नदी उंच कड्यावरून दरीत झेपावते. पावसाळ्यात हा धबधबा पाहण्यास अनेक कुटुंबे येतात. पडत्या पाण्यावरील एकाच जागी अर्धा-एक मिनिट दृष्टी स्थिर ठेवावी आणि मग शेजारच्या खडकाकडे पाहावे. काही क्षण तो खडक संथपणे वर सरकताना दिसतो. नवल असे, की वर सरकत असूनही तो आपली जागा सोडत नाही. स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स यांना आलेला हाच अनुभव त्यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केला होता.

डोळा प्रकाश टिपतो. गतीचा अर्थ मुख्यतः मेंदू लावतो. वर जाणारी गती ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, खाली येणारी ओळखणाऱ्या वेगळ्या. स्थिर वस्तूपुढे दोन्ही पारडी समतोल असतात. पाण्याकडे पाहत राहिल्याने एका बाजूच्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो. नजर खडकावर जाताच दुसरे पारडे जड ठरते आणि स्थिर दगड चालू लागतो.

गती आणि वस्तू ओळखण्याची कामे मेंदूत बऱ्याच अंशी निरनिराळ्या ठिकाणी चालतात. जोसेफ झील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एका जर्मन स्त्रीची हकिकत मांडली. मेंदूला झालेल्या इजेनंतर तिला रंग व आकार ओळखता येत. गती मात्र दिसेना. चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे, कप कधी भरला ते कळत नसे. दूर दिसलेली मोटार पुढच्याच क्षणी अगदी जवळ आलेली असे.

निरोगी डोळ्यांनाही सवयीचा फसवा परिणाम चुकत नाही. धुळे-सोलापूर महामार्गावरून तासन्‌तास वेगाने आलेल्या चालकाला तोच वेग हळूहळू कमी भासू लागतो. बीडजवळ महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागताना गाडी पुरेशी मंदावली आहे, असे त्याला मनापासून वाटते. प्रत्यक्षात ती बरीच वेगात असते. अशा वेळी रस्त्यावर शाळेतून परतणारी मुले असतात.

दुकानात माल अंदाजाने दिला जात नाही, तराजूवर तोलला जातो. महामार्ग सोडताना तोच नियम पाळावा: मनाच्या अंदाजावर न विसंबता वेगदर्शक काट्याकडे एकदा पाहावे, आणि मगच गावात शिरावे.