मोतीच्या ताटलीतला कोंडा



मुलाची बदली झाली आणि त्याचा मोती आमच्याकडे राहिला. त्याला शौचाला खडा होई, म्हणून मी माझाच उपाय त्याच्यावर केला. दोन्ही वेळा कोंड्याची पोळी! पंधरा दिवसांत खडा गेला खरा, पण दिवसातून चारदा ढीगभर शी, आणि बरगड्या मोजता येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, याचं पोट भरतंय, पोषण होत नाहीये."

माझं मत आता स्पष्ट आहे. कुत्र्याला चोथा हवा, पण चिमटीने. त्याचं आतडं आखूड, गाईसारखे पोटाचे चार कप्पे त्याला नाहीत. कोंडा बहुतेक न विरघळता पुढे सरकतो, मळ वाढवतो. अति झाला तर जस्त, कॅल्शियमही अंगी लागत नाही. लाल भोपळ्याच्या गरात विरघळणारा चोथाही असतो. तो पाणी धरतो, मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात आणि त्यातून होणारी आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात. म्हणून भोपळा जुलाबातही चालतो, खड्यातही.

पाकिटामागचे आकडे वाचायची मला बी.कॉम.पासूनची खोड. तिथे 'क्रूड फायबर' लिहिलेलं असतं, पण त्या मोजणीत विरघळणारा चोथा बहुतेक सुटतो. जमेची अर्धी बाजू कोरी असलेला ताळेबंदच तो!

आता मोतीला पूर्ण पोषणाचं शाकाहारी पाकीट आणि वर दोन चमचे उकडलेला भोपळा, बिनमिठाचा. डॉक्टरांनी गाजरही सुचवलं होतं. ते आपल्याकडे येत नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात; ती काळजी आपल्या स्वयंपाकघरात आपोआप मिटते. पण शिऱ्यातले बेदाणे? त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. प्रसाद म्हणूनही देऊ नका.

अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे भाजी चिरत नाहीत. मोतीचा भोपळा मात्र मी चिरते. जाऊबाईंना ते पटलेलं नाही. मी म्हटलं, व्रत मी घेतलंय, त्याने नाही. शिळं त्याला घालणं तर मला त्याहून पटत नाही.

कुणी इसबगोल देत असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि भरपूर पाण्यात भिजवूनच. कोरडा घशात फुगतो.