बुलडाणा की बुलढाणा?

आपल्या जिल्ह्याचं नाव तुम्ही कसं लिहिता? बुलडाणा की बुलढाणा? कागदावर दोन्ही खपतं, वाचणारा समजून घेतो. संगणकाचं तसं नाही. ऑफिसच्या इंट्रानेटवर एकाने 'ड' लिहून पत्र ठेवलं आणि दुसऱ्याने 'ढ' लिहून शोधलं, की पत्र जागच्या जागी असून हरवलं! आणि 'जळगाव' म्हणजे आपलं जळगाव जामोद की शेजारचा जिल्हा?

म्हणून मला वाटतं, फोल्डरात फोल्डर करत बसण्यापेक्षा प्रत्येक कागदाची ओळख नोंदवावी: विषय, तालुका, तारीख, किती वर्षं जपायचा. यालाच मेटाडेटा म्हणतात. तालुका मात्र टाइप करायचा नाही, तेरा नावांच्या यादीतून निवडायचा. जिल्ह्याला तर २०११ च्या जनगणनेत ५०० हा कोडच आहे. त्यात ड-ढचा वादच नाही.

हे काही नवं खूळ नव्हे. सरकारी कचेऱ्यांतली सहा गठ्ठे पद्धत, अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग म्हणजे दुसरं काय? 'अ' कायम जपायचा, 'ड' लवकर नष्ट करायचा. माहिती अधिकार कायदा, २००५ मधलं कलम ४ देखील अभिलेखांची सूची ठेवायला सांगतंच. नुसतं स्कॅन करून भागत नाही.

"सापडत नाही, उद्या या" असं ऐकून संग्रामपूरला परतणाऱ्या माणसाचा रोज बुडतो. चार रकाने भरायला आपलं एक मिनिट जातं. ते आपण द्यायचं, की त्याने दिवस द्यायचा?

तुमच्याकडे कसं चालतं? जरूर कळवा.