सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं. मग गावाचं काय?

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात मतदार सदस्यांसोबत सरपंचही थेट निवडतो. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली.

अडचण कुठे येते? सरपंच एका पॅनलचा आणि जास्त सदस्य दुसऱ्या पॅनलचे असतील, तर ठराव अडकतात. पहिली दोन वर्षं अविश्वास ठरावही आणता येत नाही. नंतर आणला तरी तीन-चतुर्थांश सदस्य आणि ग्रामसभेची मंजुरी लागते.

ग्रीसमध्येही महापौर थेट निवडला जातो. पण २०२३ च्या निवडणुकीत विजेत्या महापौराच्या यादीला परिषदेत तीन-पंचमांश जागा देण्याचा नियम होता. त्यामुळे कारभार अडत नाही, मात्र विरोधकांचा आवाज कमी होतो.

आपल्याकडे सरपंचाला जनतेचा कौल मिळतो, बहुमताची हमी नाही. म्हणून मतदान करताना सरपंचाइतकंच सदस्यांकडेही बघा.