जिमखाना फी आमची, मैदान कुणाचे?

ग्रामीण महाविद्यालयात प्रवेश घेताना हातात पडणारी पावती एकदा नीट वाचा. शिकवणी शुल्काच्या खाली बारीक अक्षरांत ओळी असतात: ग्रंथालय, ओळखपत्र, वार्षिक अंक, स्नेहसंमेलन, जिमखाना. अनुसूचित जातीचा विद्यार्थी ती पावती बहुधा वाचतच नाही, कारण खिडकीवरच त्याला ऐकवलेले असते, ‘तुमचे काय, शासन भरते!’

खरेच भरते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत शिकवणी शुल्काबरोबर खेळ, ग्रंथालय, नियतकालिक, वैद्यकीय तपासणी अशा सक्तीच्या शुल्कांचाही समावेश आहे. पैसे थेट संस्थेला मिळोत नाहीतर विद्यार्थ्याच्या खात्यातून जावोत, खेळाच्या नावाने ते वसूल होतात. म्हणून आमचा मुलगा मैदानावर जातो तेव्हा तो कुणाच्या मेहरबानीने जात नाही. त्या पैशातून घेतलेले बूट, कबड्डीची मॅट आणि स्पर्धेला जाण्याचा प्रवासभत्ता त्याच्यापर्यंत पोहोचतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तालुक्याच्या गावातली कितीतरी महाविद्यालये आम्ही पाहिली आहेत. मैदान असते, चांगले आठ-दहा एकरांचे असते. पण त्यावर गाजरगवत वाढलेले, नाहीतर संस्थाचालकांच्या घरच्या लग्नाचा मांडव पडलेला. नेत्याच्या वाढदिवसाला त्याच्याच नावाच्या चषकाचे क्रिकेट सामने आणि निवडणुकीत सभा. विद्यार्थ्यांसाठी मात्र फाटकाला कुलूप. कारण विचारले तर शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे आहे, तासिका तत्त्वावरचे सर दुपारीच निघून जातात.

आणि त्याच गावात पहाटे साडेचारला आमची मुले-मुली राज्य महामार्गाच्या कडेने धावत असतात. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीला 50 गुण आहेत. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. हे गुण मिळवायला अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या बाजूने धावावे लागते. शेतमजुराच्या घरातल्या पोरासाठी वर्दी हा छंद नसतो, अख्ख्या घराचे पोट त्यावर अवलंबून असते. चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक आखायला फक्कीची दोन पोती आणि मोजपट्टी लागते, सिंथेटिक ट्रॅक कुणी मागितलेला नाही. पहाटे पाच ते सात फाटक उघडे ठेवा, दोन दिवे लावा, एवढे केले तरी जीव वाचतील. हे करायला कोणत्या अनुदानाची वाट पाहायची?

खेळात जात नसते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. बाळू पालवणकरांना विचारून पाहायला हवे होते! पुण्याच्या मैदानावर हिंदू संघासाठी बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला चहा वेगळ्या भांड्यात आणि सीमेबाहेर मिळायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, 1923 मध्ये, तेही मोठ्या वादानंतर. पुढे बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्या राजकारणाशी आमचे पटत नाही. पण मैदानावर त्यांच्याशी जे झाले ते आजही वेगळ्या रूपात होते. चढाई आमच्या पोराने करायची, कर्णधार मात्र संचालकांच्या भावकीतला. चहाचा पेला आज एकच असतो, जिल्ह्याला जाणाऱ्या चमूच्या यादीत नाव कुणाचे घालायचे ते बंद खोलीत ठरते.

मुलींचे तर विचारूच नका. सराव संध्याकाळी पाचला, शेवटची एसटी साडेपाचला. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला पाणी नाही. मग अहवालात लिहायचे, ‘मुलींचा प्रतिसाद कमी.’ नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य आणते. अशा किती जणी साडेपाचच्या एसटीत बसून घरी जातात, याची नोंद कोणत्याच अहवालात सापडणार नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेबद्दलही बोलले पाहिजे. 1969 साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. योजना चांगलीच आहे. पण शिबिरात काय होते? देवळासमोरचा चौक झाडायचा, फोटो काढायचा, व्याख्यान ऐकायचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत नळ का नाही, स्मशानभूमी वेगळी का, यावर एक तास चर्चा होत नाही. खराटा मात्र कुणाच्या हातात आधी दिला जातो, ते शिबिराला गेलेल्या मुलांनाच विचारा. ज्याच्या आजोबांनी गावकी म्हणून गाव झाडले, त्याला पुन्हा झाडणे शिकवून कोणती सेवा होते? त्याच मुलाच्या हाती वस्तीच्या पाहणीची वही द्या, सर्वेक्षण करू द्या, ग्रामसभेत ते वाचू द्या.

सहली आणि गिर्यारोहणाचे नाव काढले की आमच्यातलेच काहीजण हसतात. हे शहरातल्या खात्यापित्या घरांचे चोचले, म्हणे. मग 25 मे 2014 आठवा. तेलंगणाच्या समाजकल्याण निवासी शाळांतली पूर्णा मालावत ही आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णाला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्याकडे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. कुणी चोचले पुरवले म्हणून हे झाले नाही. प्रशिक्षण, आहार आणि साहित्य सरकारी पैशातून, वेळेवर मिळाले म्हणून झाले.

आणि ‘बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, तुम्ही खेळायला काय सांगता’ असे म्हणणाऱ्यांना आमचे नम्रपणे सांगणे आहे. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा नागसेनवनाची एवढी मोठी जागा फक्त वर्गखोल्यांसाठी घेतली नव्हती. तिथल्याच म. भि. चिटणीसांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांनी स्वतः बसून पाहिले. त्याआधी 1927 पासून समता सैनिक दलाच्या कवायती होत्याच. पुस्तक आणि मैदान यांचे भांडण त्यांनी कधी लावले नाही. ते भांडण त्यांना सोयीचे, ज्यांना आपली पोरे फक्त हजेरीपटावर हवी आहेत.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने क्रीडा, सेवा योजना, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक दिले आहेत. म्हणजे जे मैदान बंद आहे त्याचे गुण आता गुणपत्रिकेत उतरणार. ज्याला फाटकाबाहेर ठेवले त्याचे नुकसान दुहेरी. दुसरीकडे 2016 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या विद्यार्थी निवडणुकांची वाट मोकळी केली, तरी त्या टाळल्या जातात. जिमखाना समितीत विद्यार्थी असतो तो प्राचार्यांच्या पसंतीचा.

तेव्हा सध्या हातात आहे ते करू. अनुदानित महाविद्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांच्या अर्जात चार गोष्टी मागा: मागच्या तीन वर्षांत जिमखाना शुल्कापोटी जमा झालेली रक्कम, त्यातून झालेला खर्च, बिलांच्या प्रतींसह, विद्यापीठ आणि जिल्हा स्पर्धांना पाठवलेल्या खेळाडूंची प्रवर्गनिहाय आणि लिंगनिहाय संख्या, आणि मैदान बाहेरच्यांना किती दिवस, किती भाड्याने दिले. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. अर्ज एकट्याने देऊ नका, वसतिगृहातल्या पाच-सात जणांनी वेगवेगळे द्या, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.