परतीची वाट

रामगिरीवरच्या यक्षाने आषाढातल्या मेघाला अलकेचा मार्ग किती बारकाव्याने समजावून दिला, हे आपणांपैकी पुष्कळांनी विद्यार्थिदशेत वाचले असेल. विदिशा आणि उज्जयिनी त्या वाटेवर लागतात, म्हणून आम्हां मध्यप्रदेशातील मराठी मंडळींना त्या काव्याची ओढ किंचित अधिकच. पत्नीचे कुशल घेऊन परत ये, अशी विनवणीही यक्ष करतो. परंतु जाण्याच्या वाटेचे जे वर्णन तो करतो, तसे परतीच्या वाटेचे करीत नाही. काव्यात हे शोभून दिसते. व्यवहारात मात्र परतीच्या वाटेचा विसर किती महाग पडतो, याचा प्रत्यय या भाद्रपदात आला. आणि योगायोग असा की, तेथेही संबंध मेघाशीच होता.

येथील एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. अकरावीतली एक विद्यार्थिनी आमच्या शाळेच्या संगणकासमोर बसली होती. वडील ई-रिक्षा चालवितात. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पुढचे वर्ष अवघड. अर्ज भरून तिने कळ दाबली की पडद्यावर चक्र फिरू लागे, फिरत राही आणि शेवटी ‘वेळ संपली’ एवढेच उमटे. असे तीनदा झाले. तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “सर, मुझसे ही कुछ ग़लती हो गई होगी.” नकार मिळाला असता तर तिने कारण विचारले असते, येथे काहीच उत्तर नव्हते, म्हणून तिने दोष स्वतःकडे घेतला.

गौरी-गणपतीसाठी माझा भाचा पुण्याहून लष्करात घरी आला होता. संगणकांची जाळी सांभाळणे हा त्याचा व्यवसाय. मी संस्थेच्या चिटणीसांशी त्याची गाठ घालून दिली. तासाभराने तो म्हणाला, “मामा, त्या मुलीचं काही चुकलेलं नाही. निरोप जात होता. उत्तर दारातून परत आत येत नव्हतं.”

त्याने जे सांगितले ते माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही कळले, म्हणून वाचकांपुढे ठेवतो. त्या संस्थेने अर्ज स्वीकारण्याचे काम ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या संगणक-केंद्रात भाड्याने घेतलेल्या जागेत हलविले होते, विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी मात्र कार्यालयातल्या स्वतःच्या संगणकातच ठेविल्या होत्या. अशा जोडघराला ‘हायब्रिड क्लाउड’ म्हणतात. भारतात ही भाड्याची घरे आता परकी राहिलेली नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे उघडली. भारत सरकारच्या अशाच योजनेचे नाव ‘मेघराज’. जुने सारे एका दिवसात हलविता येत नाही, काही नोंदी बाहेर ठेवणे प्रशस्तही वाटत नाही, म्हणून अर्धे घरी आणि अर्धे मेघात असा संसार पुष्कळ ठिकाणी चालतो.

या प्रत्येक घराला दार असते आणि दारावर पहारेकरी. माहिती लहान लहान पाकिटांतून प्रवास करते. प्रत्येक पाकिटावर कोठून आले, कोठे चालले आणि कोणत्या खिडकीवर जायचे, हे लिहिलेले असते. खिडकीच्या क्रमांकाला ‘पोर्ट’ म्हणतात. पहारेकरी हा मजकूर वाचून पाकीट आत सोडतो किंवा टाकून देतो. आणि पहारेकरी दोन जातींचे असतात.

“तुमच्या शाळेचंच फाटक घ्या,” भाचा म्हणाला. “एका शिपायाच्या हातात फक्त नियमांची यादी आहे. ‘साडेदहानंतर विद्यार्थ्याला आत सोडू नये.’ आलेला प्रत्येक माणूस त्याला नवा. दुसऱ्याजवळ वही आहे. अकरा वाजता अमुक मुलगा परवानगीने बाहेर गेला, हे त्यानं लिहून ठेवलंय. तो परतला की नाव पाहून आत घेतो.”

पहिल्या जातीला ‘स्टेटलेस’ म्हणतात. आपण स्मृतिहीन म्हणू. दुसरी ‘स्टेटफुल’, म्हणजे स्मृतिमान. संगणकांचे संभाषण तीन पावलांनी सुरू होते: एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची, पहिल्याने ‘ऐकले’ म्हणायचे. स्मृतिमान पहारेकरी ही हाक वहीत टिपतो आणि तिला आलेली ओ आपोआप आत घेतो. स्मृतिहीनाला हाक आणि ओ यांचे नाते ठाऊक नसते. त्याच्या यादीत जाण्याचा नियम वेगळा आणि येण्याचा वेगळा लिहावा लागतो.

संस्थेच्या बाबतीत घडले ते नेमके येथे. मेघातला संगणक कार्यालयातल्या संगणकाला विद्यार्थिनीची नोंद विचारी. प्रश्न ठरलेल्या खिडकीवर जाई. उत्तर मात्र विचारणाऱ्याने तेवढ्यापुरत्या उघडलेल्या खिडकीवर यावे लागते आणि तिचा क्रमांक दर वेळी बदलतो. म्हणून स्मृतिहीनाच्या यादीत १०२४ पासून ६५५३५ पर्यंतच्या खिडक्यांवर येणाऱ्या उत्तरांना वाट ठेवण्याची रीत आहे. कार्यालयाच्या पत्त्यावरून आलेल्या उत्तरांपुरती ती ठेविली म्हणजे झाले. यादी लिहिणाऱ्याने जाण्याचा नियम लिहिला, येण्याचा राहून गेला. उत्तर दाराशी आले, यादीत बसले नाही, टाकले गेले. ‘नाही’ असा निरोपसुद्धा कोणी धाडला नाही. कारण असे पहारेकरी टाकलेल्या पाकिटाची वार्ता सहसा धाडणाऱ्याला देत नाहीत.

हे ऐकताना मला रायगडची हिरकणी आठवली. आख्यायिका अशी की, सकाळी दूध घेऊन गडावर आलेल्या त्या गवळणीला सूर्यास्तानंतर दरवाजा उघडून मिळाला नाही. पहारेकऱ्यांनी नियम पाळला. पण ‘सूर्यास्तानंतर दार बंद’ या वाक्यात सकाळी आत आलेल्या आईची नोंद नव्हती, म्हणून तिला कडा उतरावा लागला.

मी म्हटले, “मग स्मृतिहीन पहारेकरी काढूनच का टाकीत नाहीत?” भाचा हसला. स्मृतीलाही किंमत मोजावी लागते. वहीला पाने मोजकीच असतात. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट-सेवा देणाऱ्या कंपनीवर कोणी खोट्या हाकांचा वर्षाव केला. ओ दिली की पुढे कोणीच बोलत नसे. अर्धवट संभाषणांच्या नोंदींनी यंत्रे भरून गेली आणि खऱ्या ग्राहकांना जागा उरली नाही. स्मृतिमान पहारेकऱ्याची वहीही अशीच भरू शकते. स्मृतिहीनाला वही नाही, म्हणून ती भरण्याचे भयही नाही. तो निर्विकारपणे यादी वाचीत राहतो.

इतिहासही हाच आहे. पहिल्या चाळण्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि स्मृतिहीन. स्मृतीची पद्धत रूढ केली ती चेक पॉइंट या इस्रायली कंपनीच्या १९९४ मधल्या फायरवॉलने. पण नवे आले म्हणून जुने गेले नाही. ॲमेझॉनच्या मेघात आज दोन्ही एकामागे एक उभे असतात. वस्तीच्या वेशीवर स्मृतिहीन ‘नेटवर्क एसीएल’. त्याची कलमे क्रमांकाने वाचली जातात आणि एखाद्या उपद्रवी पत्त्याला तो स्पष्ट मज्जाव करू शकतो. प्रत्येक यंत्राच्या दाराशी स्मृतिमान ‘सिक्युरिटी ग्रुप’. त्याला फक्त ‘येऊ द्या’ एवढेच लिहिता येते, मज्जाव लिहिता येत नाही. पाकिटाला दोघांचीही संमती लागते. आतल्याने हो म्हटले तरी वेशीवरच्याने टाकलेले आत पोचत नाही.

“आणि जोडघरात स्मृतिमानसुद्धा फसतो,” असे सांगून त्याने आमच्या किल्ल्याकडे बोट दाखविले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढायला पूर्वेकडून आलमगिरी दरवाजा, पश्चिमेकडून उरवाई. समजा, दोन्हीकडे वहीवाले पहारेकरी आहेत. कोणी उरवाईने चढला आणि पूर्वेकडून उतरू लागला, तर तिथला वही चाळून म्हणेल, “तुम्ही वर गेल्याची नोंद नाही,” आणि अडवील. माणूस खरा, वही खरी, तरी अन्याय. घर आणि मेघ यांच्यात पुष्कळदा दोन रस्ते असतात, एक खास तारेचा आणि दुसरा सार्वजनिक इंटरनेटवरून. हाक एकीने गेली आणि ओ दुसरीने आली की हाच घोटाळा होतो. उपाय दोनच: आल्या वाटेने परतण्याची व्यवस्था करावी, नाहीतर दोन्ही दारांनी एकच वही ठेवावी.

संस्थेने त्याच रात्री राहिलेला नियम लिहिला आणि मुदत दोन दिवसांनी वाढविली. मुलीचा अर्ज पोचला. पोच पावतीचा क्रमांक तिने तळहातावर उतरवून घेतला. शिष्यवृत्ती मिळेल की नाही, हे गुणवत्तेवर ठरेल. दारामुळे ठरणार नाही, एवढे निश्चित.

माझ्या मनात मात्र दुसरीच एक गोष्ट सलत राहिली. भाच्याने शाळेच्या फाटकाचा दाखला सहज दिला. त्याला ठाऊक नव्हते की साडेदहाचा तो नियम माझ्याच सहीचा आहे. दोन वर्षांपूर्वी वर्गशिक्षिकेच्या परवानगीने औषध आणायला गेलेली एक मुलगी तासभर फाटकाबाहेर उन्हात उभी होती. शिपायाने नियम पाळला. मी त्याची पाठ थोपटली. मुलगी काही बोलली नाही. तीही बहुधा आपलेच चुकले असे समजली असावी.

गेल्या सोमवारपासून फाटकावर वही ठेविली आहे. बाहेर जाणाऱ्याचे नाव, वेळ आणि परवानगी देणाऱ्याची सही. मागच्या दारालाही तीच वही दाखवावी लागते. नियमांची यादी काढलेली नाही. अनोळखी माणसासाठी ती हवीच. पण ज्याला आपण स्वतः बाहेर पाठविले, त्याच्या परतीची वाट आपणच लिहून ठेविली पाहिजे, एवढे या वयात शिकलो. वाचकांपैकी कोणी संस्था, मंडळे, वसतिगृहे चालवीत असतील, त्यांनी आपल्या दोन्ही दारांकडे एकदा पाहावे, ही विनंती.