प्लॅस्टिकचे गांडूळ

गांडूळ आपल्याला नवे नाही. ओल्या वाफ्यात कुदळ मारली की ते वर येते, आणि ज्या रानात गांडूळ दिसते ते रान जिवंत आहे असे आपण मानतो. ओढ्याकाठची पोरे तेच गांडूळ गळाला लावून मासे धरतात. पण हेच गांडूळ कोणी प्लॅस्टिक वितळवून, हाताने साच्यात ओतून बनवावे आणि माशाने ते खरे समजून गिळावे, हे ऐकून नवल वाटेल. आज त्याचीच माहिती घेऊ.

ही गोष्ट अमेरिकेतली. तेथील तळ्यांत बास नावाचा मोठ्या तोंडाचा मासा असतो आणि तो गळाने धरण्याचा तेथील लोकांना भारी नाद. आमिष म्हणून वीतभर लांबीची गांडुळे लावण्याची रीत जुनी आहे. ही गांडुळे रात्री ओल्या गवतावर येतात. माणसे दिवा घेऊन ती डब्यात गोळा करतात. पण खऱ्या गांडुळाला खोडी फार. उन्हात ते वाळते, गळावर टोचले की फार वेळ जगत नाही, बारके मासे ते कुरतडून नेतात. लाकडाची आणि धातूची बनावट आमिषे होती, पण ती कडक. मासा असले आमिष तोंडात घेतो आणि कडक लागताच थुंकून टाकतो. गळाला हिसका द्यायला माणसाला वेळच मिळत नाही.

ओहायो राज्यातले ॲक्रन हे शहर मोटारीच्या टायरांसाठी जगभर गाजलेले. तेथे निक क्रीम नावाचे गृहस्थ राहत. त्यांनाही गळाचा नाद. १९४९ साली त्यांनी आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी घरच्या चुलीवर खटपट सुरू केली. खऱ्या गांडुळावरून साचा घेतला आणि व्हिनाइल, तेल व रंग यांचे मिश्रण तापवून त्यात ओतले. थंड झाल्यावर साच्यातून निघाले ते मऊ, लवचिक, पाण्यात वळवळणारे गांडूळ. १९५१ साली त्यांनी ते टपालाने विकायला काढले. एका डॉलरला पाच गांडुळे! नाव ठेवले 'विगल वर्म', म्हणजे वळवळणारे गांडूळ. पुढे १९६०च्या सुमारास हा धंदा टेक्सास राज्यातील टायलर गावी नेला.

टेक्सासमध्ये या गांडुळाला आणखी एक युक्ती जोडली गेली. धरणाच्या बुडितात गेलेली झाडे आपण पाहिली आहेत. तेथील जलाशयांतही अशी झाडे आणि पाणवनस्पती असतात, आणि मासा नेमका त्यांच्याच आडोशाला बसतो. उघडा गळ टाकला तर तो फांदीत अडकून तुटतो. म्हणून गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचे. मऊ अंग असल्यामुळे मासा चावला आणि दोरीला हिसका दिला की टोक अंग फोडून बाहेर येते. लाकडी आमिषाला हे जमणारे नव्हते.

कडक नळी, मऊ गांडूळ

हे प्लॅस्टिक कोणते? तर आपल्या विहिरीवरून शेतात पाणी नेणाऱ्या पीव्हीसी पाइपाचे. मग पाइप कडक आणि गांडूळ मऊ, हे कसे? सारा फरक तेलाचा. पाइपाच्या पीव्हीसीत मऊ करणारे तेल नसते. बागेला पाणी घालायच्या लवचिक नळीत ते बरेच असते. गांडुळात तर त्याहूनही जास्त. पीव्हीसीची बारीक भुकटी या तेलात कालवली की दुधासारखे पांढरे पातळ मिश्रण होते. त्याला प्लॅस्टिसॉल म्हणतात. घरी आमिषे बनवणारे लोक हेच विकत आणतात.

ओतकाम कसे करतात

आधी साचा. माती किंवा लाकूड कोरून नमुना करतात, त्याला तेलाचा हात लावतात आणि भोवती प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओततात. एकाच भागाचा साचा केला तर आमिषाची एक बाजू सपाट राहते. गोल अंग हवे असेल तर दोन भाग करतात, आणि ते एकमेकांवर नीट बसावेत म्हणून एकात खुंट्या व दुसऱ्यात खोबणी ठेवतात. साचा चांगला खडखडीत वाळला की त्याला पातळ डिंकाचा हात देतात. मोठ्या प्रमाणावर करणारे ॲल्युमिनियमचे साचे वापरतात.

मग मिश्रण तापवायचे. ते आधी घोटून घ्यावे लागते, कारण भुकटी तळाशी बसते. कुरडयांचा चीक हाटताना आपल्या माताभगिनी जसे भांड्यावरून नजर हलवत नाहीत, तसेच हे काम. पांढरे मिश्रण तापता तापता घट्ट होते, गोळे धरते. नवखा माणूस येथे घाबरतो. पण आच तशीच ठेवली की सुमारे १७५ अंश सेल्सिअसला ते पुन्हा पातळ होऊन पारदर्शक होते. कमी तापले तर आमिष लगेच फाटते, जास्त तापले तर पिवळे पडून करपते. साधला पाहिजे तो मधला क्षण.

मग रंगाचे थेंब, चकाकणारा चुरा आणि वास. बडीशेपेसारख्या वासाचे तेल किंवा लसणाचा अर्क घालतात. काही जण बारीक मीठही घालतात. त्याने वजन वाढते आणि आमिष लवकर बुडते. मग बारीक धारेने साचा भरतात. पोट फिके आणि पाठ गडद हवी असेल तर दोन रंग एकावर एक ओततात. काही मिनिटांत आमिष तयार होते. बिघडलेले पुन्हा वितळवता येते, वाया काही जात नाही.

आता कारखान्यांत अशी आमिषे ढिगांनी निघतात. तरी हाताने ओतणारे संपले नाहीत. कारखाना सगळीकडे खपेल तो रंग काढतो. हाताने करणारा आपल्या तळ्याचे पाणी गढूळ की नितळ, तेथील मासा काय खातो, हे पाहून रंग जुळवतो.

जपायच्या गोष्टी

हा उद्योग स्वयंपाकघरात करण्याचा नव्हे. पाण्याचा एक थेंब जरी उकळत्या प्लॅस्टिकमध्ये पडला तरी त्याची वाफ होऊन चटके देणारे शिंतोडे उडतात. करपले तर हायड्रोजन क्लोराइड नावाचा घातक वायू निघतो. म्हणून जाणते लोक उघड्यावर, हातमोजे व चष्मा घालून काम करतात, लेकरांना दूर ठेवतात, आणि त्यासाठी वापरलेले भांडे अन्नाला पुन्हा वापरीत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी. खरे गांडूळ मेले तर मातीत जाते. हे कुजत नाही. गळावरून निसटलेली, फाटली म्हणून पाण्यात टाकलेली आमिषे तळाशी पडून राहतात. काही मासे ती गिळतात आणि त्यांच्या पोटात ती राहून जातात. अमेरिकेतील मेन राज्यात २०१३ साली अशा आमिषांवर बंदी आणण्याचा प्रस्ताव विधिमंडळापुढे आला होता. बंदी झाली नाही, पण फाटके आमिष पाण्यात न टाकता घरी न्यावे, हे शहाण्या मासेमारांना पटले. वितळवून त्याचेच नवे करता येते.

ज्या गुणामुळे वस्तू मोलाची ठरते, तोच गुण निष्काळजी हातात घातक ठरतो. टिकाऊपणाचेही तसेच आहे. गळाची तुटकी नायलॉन दोरी असो की आच्छादनाचा फाटका प्लॅस्टिक कागद, काम झाल्यावर गोळा करून आणणे हेही कामच समजावे. आपल्या पोरांच्या गळाला मात्र बांधावरचे गांडूळ किंवा कणकेची गोळी पुरेशी आहे.