कारकुनाची खुर्ची कुणी पळवली?

मुलगा बँकेत किंवा एलआयसीत कारकून म्हणून लागला की एकेकाळी अख्ख्या वस्तीची मान ताठ व्हायची. पहिल्या पगारात आईला लुगडे यायचे, मग धाकट्याची फी, बहिणीचे लग्न, विहाराची वर्गणी. आज आपल्या समाजात जे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक दिसतात, त्यातले कितीतरी जण अशाच एखाद्या कारकुनाची मुले आहेत. चळवळीची वर्तमानपत्रे आणि जयंत्याही याच माणसांच्या खिशातून चालल्या, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

ही खुर्ची कुणी दयेपोटी दिली नव्हती. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद मांडली. १ सप्टेंबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जेमतेम दीड महिना आधी, आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढे १९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १९८० साली आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधी खासगी बँकेत शिरायचे तर मालकाच्या नात्यागोत्यातला, जातीतला वशिला लागे. बँका सरकारी झाल्या तेव्हा तेथे आरक्षण आले आणि आपल्या मॅट्रिक झालेल्या पोरांना काउंटरच्या पलीकडे बसता आले.

तीच खुर्ची आता गुपचूप हलवली जात आहे. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली सुमारे एक लाख बँक कर्मचारी बाहेर पडले. २०१७ साली सरकारी बँका २७ होत्या, विलीनीकरणाच्या सपाट्यात २०२० पर्यंत त्या १२ वर आल्या. संगणकाने काम कमी झाले, असे सांगितले जाते. काही काम कमी झालेही असेल. पण मग पेन्शनच्या दिवशी खिडकीपुढे म्हाताऱ्यांची रांग कशी लागते, आणि खिडकीमागे एकच माणूस का असतो? स्टेट बँकेने २०२३ साली ६,१६० अप्रेंटिसची जाहिरात काढली. मुदत एक वर्ष, महिना १५,००० रुपये, पुढे नोकरीची हमी नाही. आरक्षण काढले असे कुणी म्हणत नाही. आरक्षण जागेवर आहे, जागाच गायब आहे! खासगी बँका आणि १९९९ च्या कायद्याने आलेल्या खासगी विमा कंपन्या यांत तर आरक्षणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँका विकण्याची घोषणा झाली. त्याविरोधात डिसेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनी दोन दिवस संप केला. तेव्हा आपल्या किती संघटना रस्त्यावर आल्या? हे पगारदारांचे भांडण आहे, असे समजून आपण घरी बसलो. ज्या समाजाची दोन पिढ्यांची भाकरी त्या काउंटरवर शिजली, त्याने असे बसणे आम्हाला मान्य नाही.

तरीही दार पुरते बंद झालेले नाही. २०२५ च्या सामायिक कारकून भरतीच्या मूळ जाहिरातीत देशभरात १०,२७७ जागा होत्या. पदाचे नाव आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट झाले आहे, काम तेच. भरती राज्यवार असते, म्हणून महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा वाटा १५ नव्हे, १० टक्के धरला जातो. जागा कमी असल्या तरी मुलाखत नाही, म्हणजे आडनाव विचारणारा कुणी समोर बसत नाही. २०२१ च्या निर्णयानंतर परीक्षा मराठीतून देता येते, इंग्रजीचे प्रश्न मात्र इंग्रजीतच. त्या राज्याची भाषा यावी लागते, हा आपल्या मुलांच्या बाजूचा मुद्दा आहे. खुल्या वर्गाला वयोमर्यादा २८, अनुसूचित जाती-जमातींना ३३. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना परीक्षापूर्व प्रशिक्षण मागण्याची सोय अर्जातच असते, पण आपली मुले त्या रकान्यापुढे खूण करायचीच विसरतात.

दुसरी तक्रार आमची आमच्याच तरुणांशी आहे. उपजिल्हाधिकारी होण्याच्या आशेने पुण्यात खोली घेऊन सात-आठ वर्षे काढायची आणि कारकुनाचा अर्ज भरायला कमीपणा मानायचा, हा हिशेब चुकीचा आहे. कारकून बढती घेऊन अधिकारी होतो. तिशी उलटलेला रिकाम्या हाताचा पदवीधर गावी परततो तेव्हा बापाच्या तोंडाकडे बघवत नाही. जयंतीला डीजेवर जी वर्गणी उडते, तिच्या निम्म्यात विहारात संगणक, इंटरनेट आणि सराव परीक्षांची सोय होते. प्राथमिक परीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. तो वेग सवयीने येतो, त्याला श्रीमंत क्लास लागत नाही.

बँकांतील आपल्या कर्मचारी संघटनांनाही एक विचारायचे आहे. प्रत्येक बँकेत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो आणि बिंदुनामावली असते. आपल्या बँकेत कारकुनांची किती राखीव पदे भरली आणि किती रिकामी राहिली, हे माहितीच्या अधिकारात मागून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. आकडे आम्ही बँकेच्या नावासह छापू.